सफरचंदांचं गुऱ्हाळ : सायडर-दिवसाच्या नोंदी

१ सप्टेंबर २०२४, रविवार

शेजारच्या आजोबांच्या कोठारातला सफरचंदांचा रस काढायचा प्रेस आज आमच्या अंगणात आला. चौघांनी उचलला, तरी वाटेत दोनदा खाली टेकवावा लागला. ओतीव लोखंडाची चौकट, वर सफरचंदं भरडायचा दातेरी रूळ, तो फिरवायला जड चाक, खाली लाकडी पट्ट्यांची गोल टोपली आणि टोपलीवर उतरणारं जाडजूड मळसूत्र. आजोबांच्या वडिलांनी तो एका लिलावात घेतला होता.

आम्ही इकडे, पश्चिम मॅसॅच्युसेट्सच्या फ्रँकलिन काउंटीत राहायला आलो, त्या पहिल्याच ऑक्टोबरात आजोबांनी आम्हाला सायडर काढायला बोलावलं होतं. रसाची धार पडताना जो वास आला, त्याने मी एकदम कोल्हापूरजवळच्या आजोळी गेले. मामांच्या गुऱ्हाळावर चरक सुरू झाला की वाटेने जाणाऱ्यालासुद्धा हाक मारून रस पाजायचे, हातावर गरम गूळ ठेवायचे. रस काढणं हे एकट्याचं काम नव्हेच, हे मला तेव्हापासून माहीत आहे. इथेही तेच दिसलं, फक्त उसाच्या जागी सफरचंद.

गेल्या वर्षी प्रेस बाहेर निघालाच नाही. १८ मे २०२३ च्या पहाटे कडाक्याचं हिव पडलं आणि आसपासच्या बागांमधला बहर करपला. त्यातच आजोबांचा खांदा गेला. यंदा फळ चांगलं आहे आणि जबाबदारी मी मागून घेतली आहे. तारीख ठरली, शनिवार १९ ऑक्टोबर. रस, सोबत घरचं सूप, पाव, चीज. साधारण ३० ते ३५ माणसं.

बॉस्टनच्या मराठी मंडळींना निरोप पाठवले, तर दोघांनी विचारलं, लहान मुलांना आणायचं का? म्हणून पुढच्या निरोपात लिहिलं : इथे सायडर म्हणजे न गाळलेला, न आंबवलेला ताजा रस. आंबवलेल्याला इथे हार्ड सायडर म्हणतात. इंग्लंडात मात्र नुसतं सायडर म्हटलं तरी ते मद्यच.

८ सप्टेंबर, रविवार

दीड दिवसाचा गणपती दुपारी पोचवला आणि संध्याकाळी प्रेसला हात घातला.

चौकटीवर जुना लाल रंग आहे. नवऱ्याने हार्डवेअरच्या दुकानातून शिसं तपासायच्या काड्या आणल्या होत्या. बाहेरच्या रंगावर काडी लालभडक झाली, म्हणजे रंगात शिसं आहे. असा रंग खरवडायचा नाही, कारण भुकटी उडते आणि ती जास्त वाईट. बाहेरून पक्का लेप देऊन तो बंद करायचा. सफरचंदं ओतायच्या लाकडी पेटीला आतून हाच रंग होता. तिथे काही तडजोड नाही. पेटीच्या चारही फळ्या नव्या घालणार, मेपलच्या, बिनरंगाच्या.

फक्त पेटीचं झाकण ठेवलं. त्याच्या आतल्या बाजूला रंग नाही आणि तिथे पेन्सिलीने वर्षवार हिशेब लिहिलाय : साल, सफरचंदांच्या पेट्या, रसाचे गॅलन. पहिल्या काही ओळी आजोबांच्या वडिलांच्या हातच्या. २०२३ समोर एकच शब्द आहे, हिव.

१५ सप्टेंबर, रविवार

नव्या फळ्या बसल्या. टोपलीच्या पट्ट्या घासून, उन्हात वाळवून त्यांना खाण्यायोग्य मिनरल ऑईल दिलं. गोडं तेल देऊ नये, ते खवट होतं आणि पुढे रसाला वास येतो. मळसूत्रालाही अन्नयंत्रांसाठी मिळणारं ग्रीसच लावलं.

खालचा लाकडी ट्रे वाळून फटी पडलेल्या. पाण्याने भरून ठेवला. पहिल्या रात्री सगळं पाणी गळून गेलं, दुसऱ्या रात्री अर्धं, तिसऱ्या सकाळी थेंब नाही. लाकूड फुगलं की सांधा आपोआप मिटतो.

भांड्यांचा विचार केला. सासूबाईंचं मोठं पितळी पातेलं मोहवत होतं, पण त्याची कल्हई गेलेली. ताक किंवा आमसूल बिनकल्हईच्या पितळेत आपण ठेवत नाही, मग सफरचंदाचा आंबट रस कसा ठेवणार? जस्ताच्या बादल्यासुद्धा त्याच कारणाने बाद. सगळं स्टीलमध्ये.

२८ सप्टेंबर, शनिवार

आज चवीचं काम. एकाच जातीच्या सफरचंदाचा रस गोड होतो, पण सपक होतो. चांगल्या सायडरला गोडी, आंबटपणा, वास आणि जिभेला किंचित आवळणारा तुरटपणा, हे चारही लागतं. म्हणून मिसळ.

ओळखीच्या बागेतून सहा जातींची चार-चार फळं आणली. घरातल्या ज्यूसरमधून वेगवेगळा रस काढला आणि साखर मोजायच्या नळीतून, रिफ्रॅक्टोमीटरमधून, पाहिला. मॅकिंटॉश ११.५ टक्के, एम्पायर १२.५, गोल्डन रसेट थेट १७. हे रसेट दिसायला अगदी कळाहीन. कातडी चिकूसारखी तपकिरी, खरखरीत. दुकानात कोणी हात लावणार नाही. पण त्याचा रस जिभेवर ठेवला आणि मी डोळेच मिटले. मधासारखा दाट, मागून लिंबाची धार.

ही माणसं जातींविषयी बोलतात ते ऐकत राहावं. आपल्याकडे हापूस-पायरीवर बोलतात तसंच. बाल्डविन ही मॅसॅच्युसेट्सचीच, १७४० च्या सुमाराची जात. एके काळी न्यू इंग्लंडचं मुख्य सफरचंद होतं ते, पण १९३३-३४ च्या हिवाळ्यात बाल्डविनची झाडं मोठ्या संख्येने थंडीने मेली आणि लोकांनी त्या जागी काटक मॅकिंटॉश लावलं. कॉर्टलंड, मॅकून आणि एम्पायर तिन्ही न्यूयॉर्क राज्यातल्या जिनीव्हाच्या संशोधन केंद्रातली, तिघांचंही एक पालक मॅकिंटॉशच. म्हणजे आज आपण जे खातो त्यातलं बरंचसं एका कुळातलं.

ठरलेलं प्रमाण : मॅकिंटॉश ३ पेट्या, कॉर्टलंड १, एम्पायर २, गोल्डन रसेट १, बाल्डविन १, नॉर्दर्न स्पाय १. एकूण ९. पेटी म्हणजे एक बुशेल, सुमारे १९ किलो. हाताच्या प्रेसवर पेटीमागे ९ ते १० लिटर रस धरला आहे.

५ ऑक्टोबर, शनिवार

आजोबांशी आज पहिल्यांदा मतभेद झाला.

प्रश्न रस तापवायचा की नाही हा. त्यांच्या मते तापवलेला सायडर म्हणजे सायडरच नव्हे, वास जातो. वास थोडा जातो, हे खरं आहे. पण १९९१ मध्ये याच राज्यात, फॉल रिव्हर भागात, ताज्या सायडरमधून ई. कोलाय ओ१५७ या जंतूची लागण होऊन २३ जण आजारी पडले होते. जमिनीवर पडलेलं फळ, त्याला लागलेली गुराढोरांची विष्ठा, न धुता केलेला रस. हा जंतू सायडरच्या आंबटपणाने मरत नाही. लहान मुलं आणि म्हातारी माणसं यांच्या मूत्रपिंडावर तो जातो. आमच्याकडे येणाऱ्यांत ९ मुलं आहेत, एक मैत्रीण सहा महिन्यांची गरोदर आहे, सासूबाई ७४ वर्षांच्या.

बराच वेळ आजोबा बोलले नाहीत. मग म्हणाले, माझ्या आईने कधी खाली पडलेलं फळ प्रेसमध्ये टाकू दिलं नाही, ते डुकरांना. तिथून बोलणं पुढे सरकलं. आमचं ठरलं ते असं : फक्त झाडावरून तोडलेली फळं. नासका भाग असलेलं फळ सरळ बाजूला, कापूनसुद्धा घ्यायचं नाही, कारण सडक्या सफरचंदातलं बुरशीचं विष पॅट्युलिन तापवूनही जात नाही. तीन पाण्यांनी धुणं. प्रेसखालचा कच्चा रस फक्त धडधाकट मोठ्यांनी, सगळं समजून घेऊन प्यायचा. मुलांचा, वडीलधाऱ्यांचा, गरोदर मैत्रिणीचा आणि घरी न्यायच्या बाटल्यांतला रस ७१ अंश सेल्सिअसपर्यंत तापवलेला.

सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "अगं, रसवंतीवर आयुष्यभर कच्चाच प्यायलो की आम्ही." मी म्हटलं, आई, तुम्हाला आलं आणि दालचिनी घालून गरम देते, एकदा पिऊन तर बघा.

६ ऑक्टोबर, रविवार

सुपाची रंगीत तालीम. बटरनट भोपळा उभा चिरून, तेल लावून, ओव्हनमध्ये २०० अंशांवर पाऊण तास भाजला. कांदा, लसूण, आलं परतलं, त्यात भाजलेला भोपळा, एक सफरचंद आणि दोन वाट्या सायडर घालून शिजवलं, घोटलं. चव घेतली तर खीर. भोपळा गोड, सफरचंद गोड, रस गोड.

दुसऱ्या खेपेला सायडर अर्धी वाटी केला, गोड सफरचंदाऐवजी आंबट नॉर्दर्न स्पाय घेतलं. शेवटी तेलात जिरं, भरडलेले मिरे आणि सुकी मिरची यांची फोडणी वरून ओतली आणि लिंबू पिळलं. आता ते सूप झालं. दाटपणासाठी नारळाचं दूध, म्हणजे दूध न चालणाऱ्यांनाही चालेल.

दुसरं पातेलं हुलग्याच्या कढणाचं, ते सासूबाईंचं. रात्री भिजवलेले हुलगे कुकरला भरपूर शिट्ट्या देऊन मऊ करायचे, पाणी काढून घ्यायचं, त्यात थोडे हुलगे वाटून लावायचे, लसणाची फोडणी, आमसूल. त्या म्हणाल्या, थंडीत उभं राहून काम करणाऱ्याच्या पोटात हेच पाहिजे. मला पटलं.

१२ ऑक्टोबर, शनिवार, दसरा

सकाळी प्रेसची पूजा केली. माहेरी खंडेनवमीला विळे, कोयते, चरक, सगळं धुऊन मांडायचे. इथे प्रेसच्या चाकाला झेंडूची माळ घातली, मळसूत्राला हळद-कुंकू लावलं, समोर पाच सफरचंदं ठेवली. आजोबा कुंपणापाशी उभे होते. नवऱ्याने त्यांना अर्थ सांगितला, तशी त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि आरती संपेपर्यंत हातात धरून ठेवली. माळ १९ तारखेपर्यंत काढायची नाही, असं ठरवलं.

दुपारी बागेत तोडणी. पाऊस जवळजवळ नाहीच यंदाच्या शरदात. गवत पायाखाली कुरकुरतं, आमच्या विहिरीचं पाणी खाली गेलंय. फळ थोडं लहान आहे, पण गोडी जास्त. मॅकिंटॉश आणि कॉर्टलंड आधीच तोडून शीतखोलीत होती. बाकीची आज तोडली. सगळ्या ९ पेट्या कोठारात सावलीला ठेवल्या. तोडल्यावर आठवडाभर फळ असं ठेवलं की आतल्या उरल्यासुरल्या पिठाची साखर होते. फळ अंगठ्याने दाबून पाहायचं, किंचित दबलं की प्रेसला तयार.

१६ ऑक्टोबर, बुधवार

कोजागिरी. कोठाराच्या पायरीवर बसून आटवलेलं दूध प्यायलो. आतून सफरचंदांचा वास येत होता. काम काही केलं नाही.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

भोपळे ८, सगळे भाजून झाले. हुलगे भिजत घातले. बाटल्या उकळत्या पाण्यातून काढल्या. रस गाळायच्या नायलॉनच्या जाळीदार पिशव्या ३, त्यातली एक जुनी.

धुण्यासाठी तीन टब लावले. पाणी कमी म्हणून क्रम असा ठेवला : फळ पहिल्या टबातून तिसऱ्याकडे जाईल आणि पाणी उलटं येईल. तिसऱ्यातलं थोडं मळलेलं पाणी दुसऱ्यात, दुसऱ्यातलं पहिल्यात, पहिल्यातलं बागेला.

१९ ऑक्टोबर, शनिवार

पहाटे गवतावर दंव होतं, दहापर्यंत स्वेटर उतरले. समोरच्या टेकडीवरचे मेपल पेटल्यासारखे लाल-केशरी. माणसं आली ३४, घरं १३.

मी आधीच ठरवलं होतं की कोणी नुसतं पाहत उभं राहता कामा नये. मुलं टबांवर, कारण पाण्यात हात घालायला त्यांना सांगावं लागत नाही. दोन आज्या आणि सासूबाई निवडण्यावर, कारण नासकं फळ त्यांच्या नजरेतून सुटत नाही. तिघींना एकमेकींची भाषा फारशी येत नव्हती. पण एकीने फळ उचलून मान हलवली की दुसरी ते बादलीत टाकायची. तरुण मंडळी चाकावर. मळसूत्राचा दांडा आजोबांच्या हाताखाली.

चाक सुरू करताना जड जातं. एकदा वेग आला की त्याच्या वजनानेच फिरतं आणि वरून पडणारी सफरचंदं कडाकड भरडत जातात. खाली पिशवीत ओला, पांढुरका भरडा. पाच मिनिटांत तो बदामी होतो, कापून ठेवलेली फोड काळपटते तसाच. पिशवी भरली, तोंड दुमडलं, वर लाकडी चकती ठेवली. आणि अजून दांड्याला कोणी हातही लावला नव्हता, तोच ट्रेच्या चोचीतून धार सुरू झाली. नुसत्या वजनाने सुटलेला पहिला रस. आजोबांनी पेला धरला, स्वतः न पिता माझ्या हातात दिला. वरती फेस, खाली मातकट सोनेरी रंग. आधी मॅकिंटॉशचा वास आला, मग रसेटची गोडी, आणि गिळल्यावर जिभेच्या कडांना बाल्डविनचा तुरटपणा उरला.

दांडा फिरवायचा, थांबायचं, धार मंदावली की पुन्हा पाव फेरा. आजोबा हे प्रत्येकाला हात धरून शिकवत होते. तिसऱ्या टोपलीला मी सुपाकडे गेले, आजोबा पाणी प्यायला बसले, आणि दोघा जोमदार मुलांनी सलग तीन फेरे दिले. जुनी पिशवी शिवणीवर फाटली, भरडा पट्ट्यांमधून चहूकडे उसळला. दोष माझा, ती पिशवी मी आधीच बाद करायला हवी होती. सगळं काढून, टोपली धुऊन पुन्हा लावायला अर्धा तास गेला आणि ३ लिटरच्या आसपास रस. ती दोन मुलं इतकी ओशाळली होती की आजोबांनी उरलेल्या दिवसभर दांडा त्यांच्याच हातात ठेवला. शेवटच्या टोपलीला ते दोघे धारेकडे कान लावून थांबत होते.

गांधीलमाश्यांचा त्रास झाला. एव्हाना हिवाने त्या मरायला हव्या होत्या. आजोबांच्या सांगण्यावरून चोथ्याचं एक घमेलं वाऱ्याच्या दिशेने लांब नेऊन ठेवलं, अर्ध्या तासात निम्म्या तिकडे गेल्या. कोणाला डसली नाही.

बाराला गॅसच्या शेगडीवर रस तापवायला घेतला. थर्मामीटर ६० वर असताना सिलिंडर संपला. पलीकडच्या घरातल्या काकूंनी त्यांचा आणून दिला, तोवर पातेलं झाकून ठेवलं. पुढच्या वेळी सिलिंडर दोन.

सूप दीडला वाढलं. १५ लिटर भोपळ्याचं आणि ६ लिटर कढण. मला वाटलं होतं कढण आपली माणसं घेतील आणि भोपळा बाकीचे. झालं उलट. सकाळभर चाक फिरवलेली इथली मंडळी कढणाच्या पातेल्यापाशी परत परत आली, आणि आपल्या मुलांनी भोपळ्याचं सूप मक्याच्या पावाबरोबर चाटूनपुसून खाल्लं. शेजाऱ्यांनी गरम सायडर-डोनट आणले होते आणि मुरलेलं चेडर. चेडरच्या तुकड्यावर आंबट सफरचंदाची फोड ठेवून खायची इकडची पद्धत आहे, ती सगळ्यांनी शिकून घ्यावी.

सासूबाईंना आलं-दालचिनीचा गरम रस दिला. दोन्ही हातांत पेला धरून त्यांनी तो सावकाश संपवला आणि म्हणाल्या, "रसवंतीचा तो वेगळा. हा थंडीचा रस आहे."

संध्याकाळी साडेचारला नववी टोपली रिकामी झाली. एकूण रस ८४ लिटर. तिथल्या तिथे प्यायलेला सुमारे १६, सुपाला ३, काकवीसाठी राखलेला ८, आणि ५७ लिटर तापवून ३० बाटल्यांत. घरटी दोन बाटल्या, उरलेल्या ४ आमच्या फ्रीझरला. फ्रीझरच्या बाटल्या काठोकाठ भरल्या नाहीत, गोठताना रस फुगतो.

चोथा दोन घमेली आजोबांच्या डुकरांना, बाकी खतात.

२० ऑक्टोबर, रविवार

आज काकवी. इथे व्हर्मॉन्टकडे ताजा सायडर आटवून पाक करायची जुनी रीत आहे, ते त्याला उकळलेला सायडर म्हणतात. साधारण सातास एक उरतो. मला ही गोष्ट पहिल्यांदा कळली तेव्हा इतका आनंद झाला होता, की मी रात्री मामांना कोल्हापूरला फोन करून सांगितलं होतं.

८ लिटर रस पसरट पातेल्यात, मंद आचेवर पाच तास. पहिल्या उकळीला फेस वर आला तो झाऱ्याने काढला, मामा मळी काढायचे तसाच. चौथ्या तासापासून पातेल्याजवळून हलले नाही. बुडबुडे आधी बारीक, घाईचे; मग मोठे, जड, एकेक फुटणारे. चमच्यावरून धार तुटायच्या ऐवजी पडद्यासारखी घसरायला लागली, तिथे गॅस बंद. उरली एक लिटरच्या थोडी वर. रंग चिंचेच्या कोळाचा, चवही आंबटगोड, गुळाच्या काकवीपेक्षा चिंचगुळाच्या जवळची. आंबटपणा आटत नाही, तोही साखरेबरोबर दाट होतो. रात्री भाकरी, तूप आणि ही काकवी. सासूबाईंनी दुसऱ्यांदा मागून घेतली. एक बरणी आजोबांना दिली.

२७ ऑक्टोबर, रविवार

आठवडाभर सगळ्यांची खुशाली विचारत होते. कोणाचं पोट बिघडलं नाही. आज सगळं आवरलं. टोपलीच्या पट्ट्या घासून वाळवल्या, तेल दिलं. मळसूत्र पुसून ग्रीस लावलं आणि सैल सोडलं. पिशव्या सोड्याच्या पाण्यात उकळून दोरीवर. चाकाची माळ सुकली होती, ती खतात घातली.

आजोबांनी बरणी धुऊन परत आणली, आत सोललेले काळे अक्रोड. मग खिशातून पेन्सिल काढली आणि झाकण माझ्यापुढे धरलं. गॅलनमध्ये २२ होतात. मी त्यांच्याच आकड्यांत लिहायला लागले तर म्हणाले, तुझ्या अक्षरात लिही. हिवाच्या ओळीखाली लिहिलं : २०२४, ९, २२.

प्रेस कोठारात परत गेला. रुळाच्या डाव्या बाजूचे दोन दाते झिजले आहेत आणि त्या बाजूचा भरडा जाड येतो. माप घेऊन ठेवलं : रूळ १५ सेंटिमीटर व्यासाचा, लांबी २८. मेपलचा ओंडका हिवाळाभर वाळायला हवा, म्हणून तो याच आठवड्यात आणायचा.